लिंबाखालच्या चपला

राजेश्री मॅडमइतकं भित्रं माणूस मी माझ्या जन्मात पाहिलेलं नाही. हे मी त्यांच्या तोंडावर बोललोय आणि त्या हसून "खरं हाय भाऊ" म्हणाल्यात, म्हणून इथं सांगायला हरकत नाही. पालीला भितात, विजेला भितात, आमच्या गावातल्या एका लंगड्या कुत्र्याला भितात, जे कुत्रं स्वतः कोंबड्यांना भितं. ताडकळसहून स्कूटीवर शाळेत येतात, तेही इतक्या सावकाश, की मागून बैलगाडीवाला "मॅडम, जरा बाजूला घ्या की" म्हणून ओरडतो.

मी बजरंग. शाळेच्या समोर माझी पिठाची गिरणी आहे, मधे फक्त रस्ता. गिरणीच्या दारात माझी माय बायनाबाई दिवसभर बसलेली असते, लोकांची दळणं घेते, गहू निवडते आणि येणाऱ्याजाणाऱ्याची उलटतपासणी करते. माय फार कडक. पिठाच्या धंद्यात चप्पल घालून आत यायचं नाही हा तिचा कायदा. गिऱ्हाइकाची चप्पल दाराबाहेर, माझीही दाराबाहेर. आणि मी कसा आहे, ते गावाला विचारा. गिरणीचा पट्टा चढला की जसा आवाज होतो, तसा माझा स्वभाव आहे, असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही, पण लोक म्हणतात.

तर या मॅडम आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेवर मुख्याध्यापक होऊन आल्या, आणि पहिल्याच महिन्यात त्यांनी शाळा समितीची बैठक बोलावली. पालक म्हणून मीही समितीत होतो. आम्हाला वाटलं, नेहमीप्रमाणं झेंडावंदन नाहीतर गॅदरिंग असेल. मॅडम उभ्या राहिल्या, पदर नीट केला आणि म्हणाल्या, "शाळेत आग लागली, भिंत पडली, साप निघाला, तर आपण काय करायचं ते आज ठरवू."

सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. समितीचे अध्यक्ष सितारामकाका जुने जाणते. ते म्हणाले, "मॅडम, कशाला अभद्र बोलायलाव? आमच्या गावात काय व्हतंय? इथं चोर सुदिक येत न्हाई. त्याला बी माहीत हाय, इथं काय घावणार न्हाई म्हणून."

सगळे हसले. मॅडमही हसल्या, पण बसल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, माझं माहेर येलदरीचं. वडील तिथं धरणावर कामाला होते. पाणी सोडायच्या आधी भोंगा वाजायचा. भोंगा वाजला की नदीतले मासे धरणारे जाळी गुंडाळून वर यायचे, धुणं धुणाऱ्या बाया पिळे उचलून वर यायच्या, आम्ही पोरं वर पळायचो. मग पाणी यायचं आणि जायचं. कुणाला काहीच व्हायचं नाही. मला तेच लय आवडायचं, काका. काहीच न होणं."

ज्याला उत्तर सुचत नाही तो गावात एकतर चहा मागवतो नाहीतर हो म्हणतो. काकांनी दोन्ही केलं.

मग मॅडमची तयारी सुरू झाली. व्हरांड्यात वाळूच्या बादल्या आल्या. शाळेची घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा तुकडा तारेनं टांगलेला आहे, त्याला आम्ही टोल म्हणतो. एरवी तो सावकाश वाजतो, पण न थांबता वाजला की सगळं टाकून बाहेर यायचं, असं पोरांना शिकवलं. पोषण आहाराची खिचडी करणाऱ्या धुरपताबाईंच्या गॅसच्या शेगडीशेजारी कायम एक भिजवलेलं पोतं ठेवायचं ठरलं. धुरपताबाई पुटपुटायच्या, "एक दिवस ह्याच्यावर बेडूक बसंल बगा," पण रोज सकाळी पोतं भिजवायच्या.

मग मॅडम माझ्याकडं आल्या. गिरणीच्या आवाजात त्यांचं बोलणं ऐकू येईना, म्हणून मी गिरणी बंद केली.

"हेच सांगायला आले होते भाऊ," त्या म्हणाल्या. "टोल न थांबता वाजला की गिरणी अशीच बंद करायची. आमचा आवाज पोरांना आणि पोरांचा आवाज आम्हाला ऐकू आला पाहिजे."

मी म्हणालो, "आन गिरणी चालू असताना मला टोल ऐकू कसा येणार?"

एवढ्या तयारीच्या बाई, पण हे काही त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. तेव्हा दारातून माय म्हणाली, "मी हाय न्हवं दारात? टोल वाजला की मी खटका पाडते." आणि त्या दिवसापासून माझ्या मायला सरकारी हुद्दा मिळाल्यासारखं झालं. टोल नुसता सुट्टीचा वाजला तरी तिचा हात खटक्याकडं जायचा. दळण मधेच थांबायचं, गिऱ्हाईक बोंबलायचं, मी ओरडायचो आणि माय म्हणायची, "गप बस. भक्ती हाय माझी तितं."

भक्ती म्हणजे माझी मुलगी. त्याच वर्षी पहिलीत गेलेली. मांजर दिसलं की हातातलं सगळं टाकून त्याच्यामागं जाणारी. मायचा तिच्यावर इतका जीव, की मला वाटतं, गिरणीही ती भक्तीसाठीच सांभाळते.

पहिली रंगीत तालीम झाली त्या दिवशी अर्धं गाव बघायला जमलं होतं. टोल वाजला. मायनं खटका पाडला. पोरं ओळीत उठली, दारापर्यंत छान आली, आणि दारात अशी काही गर्दी झाली की आषाढात एसटीला होत नाही. कारण काय, तर चपला!

आमच्याकडं वर्गात चप्पल घालून कुणी जात नाही. वर्ग म्हणजे सरस्वतीची जागा. सगळ्या वर्गांच्या दाराबाहेर चपलांचा ढीग असतो. आणि प्रत्येक पोराला घरून ताकीद असते, की ताडकळसच्या बाजारातून नवी चप्पल आणलीय, हरवलीस तर घरात घेणार नाही. मग टोल वाजला काय नि आभाळ कोसळलं काय, पोरगं आधी आपली चप्पल शोधणार. मागचे ढकलायलेत, पुढचे वाकून हुडकायलेत, एकाच्या पायात दोन डाव्या. कुणीतरी "माझी एक घावंना" म्हणून भोकाड पसरलं. आम्ही पोट धरून हसलो.

मॅडम ओट्यावर बसल्या होत्या. त्यांचा चेहरा पांढरा पडलेला. त्या पोरांवर रागावल्या नाहीत. मला एवढंच म्हणाल्या, "भाऊ, दारातच अडकली हो सगळी."

तेव्हा माझं हसू थांबलं, कारण त्या दारात भक्तीही होती.

पुढच्या वेळी त्यांनी सांगितलं, चपला सोडून अनवाणी पळायचं. पोरं पळाली, पण आमच्या शाळेच्या मैदानात गवत कमी आणि सराटेच जास्त. पोरं एका पायावर नाचायला लागली. आया धावत आल्या, काका-मामा धावत आले, जो तो आपापलं लेकरू उचलून घराकडं. मॅडम हजेरी घेतायत आणि पोरं एकेक करून गायब. वर आमच्या पोरांची दोस्ती अशी, की एकाचं नाव घेतलं की शेजारचा "हजर" म्हणून मोकळा. जे पोरगं त्या दिवशी मामाच्या गावाला गेलं होतं, तेसुद्धा हजर निघालं. दुसरे शिक्षक चंद्रभान सर कपाळाला हात लावून बसले. माझी माय भक्तीच्या पायातला काटा काढत मॅडमना म्हणाली, "बाई, तुमी लेकरं वाचवायलाव का मारायलाव?"

दुसरं कुणी असतं तर नाद सोडला असता. चंद्रभान सरांनी तसा सल्लाही दिला. पण भित्र्या माणसाची एक गंमत असते. धीट माणूस विसरून जातो, भित्र्याला विसरता येत नाही. मॅडमच्या डोक्यातून ते दार जाईना.

आणि मग पोखर्णी झालं. हा भाग मी नेहमी जरा आवाज चढवून सांगतो, कारण यात माझा वाटा आहे.

शनिवारी मी मायला घेऊन पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला गेलो होतो. दर्शन झालं, बाहेर आलो आणि माय दिसेना. गर्दी ही एवढी. तेवढ्यात राजेश्री मॅडम समोर आल्या, त्याही दर्शनाला आल्या होत्या. माय हरवली म्हटल्यावर माझ्यापेक्षा त्याच जास्त घाबरल्या. "पुढं स्टँडवर बघू का? लाउडस्पीकरवर सांगायचं का?" असं सुरू झालं. मी झाडाखाली गेलो, जिथं आम्ही चपला काढल्या होत्या. मायची चप्पल तिथंच होती, अंगठा शिवलेली.

मी म्हणालो, "काय घाबरायलाव मॅडम? चप्पल इथं हाय, म्हंजी माय आतच हाय."

यात शहाणपण काहीच नाही. देवळात जाणारा कुणीही हेच करतो. सोबतचं माणूस दिसलं नाही की आधी चपला बघायच्या. थोड्या वेळानं माय आतून निवांत बाहेर आली, ओळखीची बाई भेटली म्हणून बोलत बसली होती. पण मॅडम मात्र त्या चपलांकडं बघतच उभ्या होत्या. मी हाक मारली तरी त्यांना ऐकू गेली नाही.

सोमवारी त्यांनी मैदानात चुना टाकायला सुरुवात केली. मैदानाच्या कडेला कडुनिंबाचं मोठं झाड आहे, आम्ही त्याला नुसतं लिंब म्हणतो. त्याच्याखाली त्यांनी वर्गवार ओळी आखल्या आणि प्रत्येक पोराला त्याची जागा दिली. सकाळी आलं की चप्पल लिंबाखाली आपल्या जागेवर काढायची आणि तिथून वर्गात जायचं. झाडापासून व्हरांड्यापर्यंत मुरूम टाकून, सराटे उपटून वाट केली. टोल वाजला की अनवाणी त्या वाटेनं पळायचं आणि आपल्या चपलेत पाय घालून उभं राहायचं. एवढंच. हजेरी घ्यायची गरज नाही. जी चप्पल रिकामी, ते पोरगं अजून आत. चप्पल काही दोस्तीखातर "हजर" म्हणत नाही. मॅडमनी आपली आणि चंद्रभान सरांचीही जागा आखली, ओळीच्या शेवटी.

आणि सगळ्यांभोवती एक मोठी पांढरी रेघ. आईबापांनी त्या रेघेच्या बाहेर थांबायचं. सगळ्या चपला भरल्याशिवाय कुणी कुणाला घेऊन जायचं नाही.

गावानं यावर यथेच्छ तोंडसुख घेतलं. लंगड्या कुत्र्यानं पहिल्याच आठवड्यात तिसरीतल्या एकाची चप्पल पळवली. सितारामकाका म्हणाले, "शाळा हाय का चपलांचं दुकान?" पण पोरांना मजा वाटायला लागली. टोल वाजला की धूम पळायचं आणि टुणकन आपल्या चपलेत उडी मारायची, हा त्यांचा खेळच झाला. दार मोकळं राहायला लागलं.

एका तालमीला मी सवयीनं आत शिरून भक्तीला उचलायला गेलो. मॅडम समोर आल्या. "बजरंगभाऊ, रेघेच्या बाहेर."

मी भडकलो. "माझी पोरगी हाय ती! माझ्या पोरीला घ्यायला मला तुमची परवानगी लागती का?" असं आणि बरंच काही बोललो. सगळं गाव ऐकत होतं. मॅडमचा आवाज फुटत होता, डोळ्यांत पाणी होतं. पण त्या जागच्या हलल्या नाहीत.

"तुमचीच हाय भाऊ," त्या म्हणाल्या. "पण ओळ भरेपर्यंत माझी हाय."

मी बाहेर आलो. शेजारी माय उभी होती. ती म्हणाली, "बाई भित्री हाय, पण पक्की हाय." मायच्या तोंडून कुणाची स्तुती मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली, माझीसुद्धा कधी ऐकलेली नव्हती.

तो दिवस उन्हाळ्याच्या तोंडावरचा. खिचडी व्हायला आली होती. मी ज्वारीचं दळण टाकलं होतं आणि एकदम गिरणी थांबली. मी मायवर ओरडायला वळलो, तर माय खटक्यावर हात ठेवून उभी आणि तिचं तोंड शाळेकडं. गिरणीचा आवाज विरला आणि टोल ऐकू आला, धडाधड, न थांबता. स्वयंपाकाच्या शेडवरून काळा धूर उठत होता.

शेगडीच्या नळीनं पेट घेतला होता. धुरपताबाईंनी भिजलं पोतं टाकलं, चंद्रभान सरांनी टाकीचं बटण बंद केलं, आणि त्याच्यामुळं मोठा अनर्थ टळला. पण तोवर शेडमागं रचलेल्या तुराट्यांनी धरलं होतं. तुरीच्या वाळल्या काड्या, त्यांना पेटायला काय लागतं? जाळ कमी आणि धूर जास्त, आणि तो सगळा धूर शेजारच्या सामानाच्या खोलीत आणि व्हरांड्यात भरत होता.

मी तसाच पळालो. रेघेपाशी आलो, तर पोरं मुरमाच्या वाटेनं पळत येत होती आणि आपापल्या चपलेत उभी राहात होती. दारात कुणीही अडकलं नाही. रडत होती काही, पण उभी होती. माझी नजर पहिलीच्या ओळीत गेली.

भक्तीची चप्पल लाल रंगाची. तिचा पट्टा तुटला होता, तो मी आदल्या दिवशी तारेनं बांधून दिला होता. ती चप्पल रिकामी होती.

"भक्ती?" मी ओरडलो. रेघेबाहेरच्या गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "आरं, ती मघाशीच पोरींसंगं घराकडं पळाली, म्या बघितली." दुसरा म्हणाला, "हां हां, गेली." माझ्या जिवात जीव आला. मी घराकडं वळलो आणि पळायलाही लागलो.

"भाऊ!"

मॅडमचा आवाज. इतका मोठा आवाज त्या बाईंच्या गळ्यात आहे हे गावाला ठाऊक नव्हतं.

"चप्पल इथं हाय भाऊ. भक्ती आतच हाय."

मी थांबलो. माझेच शब्द होते. पोखर्णीच्या झाडाखाली मी हसत बोललेले. मी घराकडं गेलो असतो, गल्ली पालथी घातली असती, आणि तेवढ्या वेळात इकडं काय झालं असतं, याचा विचार मी आजही पुरा करू शकत नाही.

मॅडम पोरांकडं वळल्या. एवढ्या गोंधळात त्यांनी रोजच्या वर्गातल्यासारखं सांगितलं, "हाताची घडी, तोंडावर बोट."

आणि सगळी शाळा गप्प झाली. रडणारी सुद्धा. पोरं गप्प झाली म्हणून मोठी माणसं गप्प झाली. गिरणी बंद होतीच. त्या शांततेत तुराट्या तडतडण्याचा आवाज येत होता आणि त्याच्या खाली, अगदी बारीक, खोकल्याचा आवाज.

"सामानाच्या खोलीत," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी पाण्याच्या बादलीत पदर बुडवला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "मला लय भीती वाटायलीय भाऊ. माझा हात धरा." मी त्यांचा हात धरला. तो बर्फासारखा गार होता. कोण कुणाला नेत होतं ते सांगता येणार नाही. व्हरांड्यात शिरल्यावर त्या म्हणाल्या, "वाका, अजून वाका, धूर वर असतो," आणि आम्ही दोघं रांगत निघालो. मला काही दिसत नव्हतं. त्या मात्र भिंत चाचपत बोलत होत्या, "इथं दार. डावीकडं तांदळाची पोती. मागं सतरंज्या." पोरगी सतरंज्यांच्या मागं अंगाची जुडी करून बसली होती. मांजरीनं तिथं पिल्लं घातली होती आणि पाणी प्यायला म्हणून उठलेली ही बया पिल्लं बघायला तिथं गेली होती. धूर आला तशी घाबरून आणखी आत दडली होती. मी तिला छातीशी धरलं. तिच्या फ्रॉकमधे एक पिल्लू होतं. बाकीची मांजरीनं आधीच हलवली असावीत, कारण मॅडमनी हात फिरवला तर तिथं काही नव्हतं. येताना मॅडम पुढं होत्या, तोंडाला ओला पदर लावून खोकत खोकत, आणि मी त्यांच्या पदराचं टोक धरून मागं.

बाहेर आलो. लोक तुराट्यांवर वाळू आणि पाणी टाकत होते. भक्ती खोकत होती, रडत होती, पण धडधाकट होती. मला दुसरं काही सुचेना, मी तिला कवटाळून सरळ घराकडं निघालो.

"भाऊ," मॅडम मागून म्हणाल्या. धुरानं त्यांचा आवाज बसला होता. "चपलेत उभी करा."

या वेळी मी लगेच मागं वळलो. रेघेच्या आत गेलो, भक्तीला लाल चपलेत उभं केलं. तिनं तारेचा पट्टा नीट केला आणि हाताची घडी घातली, तोंडावर बोट ठेवलं. मांजराचं पिल्लू घडीतून डोकं काढून बघत होतं.

मॅडम आता टोल द्यायला निघाल्या, म्हणजे संपलं असं सांगायला. तेवढ्यात सगळ्या पोरांनी ओरडून सांगितलं, "मॅडम, तुमची रिकामी हाय! तुमची चप्पल!"

मॅडम थबकल्या. ओळीच्या शेवटी गेल्या आणि आपल्या चपलेत उभ्या राहिल्या. आणि उभ्याउभ्याच ढसाढसा रडायला लागल्या. धुरपताबाईंनी जाऊन त्यांना धरलं, आणि मग त्याही रडायला लागल्या.

मला वाटलं, आता सगळं झालं. मी मायला शोधायला लागलो. माय रेघेच्या बाहेर नव्हती. ती पहिलीच्या ओळीत होती, भक्तीच्या जागेच्या पलीकडं. मघाशी घाईत माझं तिकडं लक्षच गेलं नव्हतं. कुणाचा कायदा न मोडणारी माझी माय रेघ ओलांडून आत आली होती आणि मॅडमनीही तिला हटकलं नव्हतं. तिच्या पायाशी माझी चप्पल होती. मी गिरणीतून अनवाणी पळालो होतो, ती दाराबाहेर तशीच राहिली होती. मायनं ती उचलून आणून भक्तीच्या चपलेशेजारी नीट जोडून ठेवली होती. मी आत असेपर्यंत ती त्या तीन जोड्यांकडं बघत तिथंच उभी होती, असं धुरपताबाईंनी मला नंतर सांगितलं. एक बारकी, एक मॅडमची आणि एक माझी. कुणी पाणी दिलं तर घेतलं नाही, कुणी बस म्हणालं तर बसली नाही.

माय माझ्याकडं बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिनं बोटानं चप्पल दाखवली.

"हुबा ऱ्हा त्याच्यात," ती म्हणाली. "मंग वाजवू दे टोल."

मी उभा राहिलो. माझे पाय चपलेत गेले तेव्हा कुठं माझी माय खाली बसली.

नंतर गावानं मॅडमचा सत्कार ठरवला, शाल, नारळ, सगळं. मॅडम स्टेजला भितात, त्यामुळं त्या दिवशी त्यांना नेमका ताप आला. सितारामकाका स्वतः त्यांच्या घरी शाल देऊन आले, आणि येताना साप निघाल्यावर काय करायचं याचं काम अंगावर घेऊन आले. मी त्यांचं दळण रांगेशिवाय करून देतो म्हणालो, तर त्या म्हणाल्या, "नको भाऊ, रांग मोडायची न्हाई." म्हणून त्या रांगेत उभ्या राहतात आणि मी आतून हळूच त्यांचा डबा पुढं घेतो. माय बघते आणि तोंड फिरवून गहू निवडते.

मी देवाचे आभार मानतो, मानायलाच पाहिजेत. पण रोज सकाळी गिरणीचं दार उघडलं की माझे हात आधी शाळेकडं बघून जोडले जातात. समोर लिंबाखाली पोरं चपला काढत असतात आणि ओळीच्या शेवटी मॅडम चपला काढायच्या जागेवर आधी वाकून बघतात, तिथं विंचू तर नाही ना. मग चपला काढून वर्गात जातात. मी मायला म्हणतो, "माय, खटक्यापाशी बस." ती म्हणते, "बसलेलीच हाय." मग मी पट्टा चढवतो.